शिस्तीच्या हिरवळीवर धिंगाणा

१९४० साली लंडनलगतच्या रिचमंड गोल्फ क्लबच्या आवारात जर्मन बॉम्ब पडला. क्लबने मैदान बंद केलं नाही, नवे नियम काढले. बॉम्बचे तुकडे दिसले तर खेळाडूंनी वेचून ठेवावेत, नाहीतर गवत कापायचं यंत्र बिघडतं. स्पर्धा चालू असताना वरून बॉम्ब पडू लागले तर खुशाल आडोसा शोधावा, खेळ थांबवल्याबद्दल दंड नाही. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला तर तो परत जागेवर ठेवावा. आणि ऐन फटका मारताना बॉम्ब फुटून दचकायला झालं, तर त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारायला हरकत नाही, मात्र दंडाचा एक फटका मोजून! हिटलर डोक्यावर घिरट्या घालतोय, पण कार्डावरचा आकडा चोख हवा.

एवढ्या सोवळ्या खेळात माणसं मात्र पुष्कळदा ओवळ्याने वागतात. कारण सोपं आहे. क्रिकेटला मैदानात दोन पंच, वर तिसरा टीव्हीपुढे. गोल्फची अठरा भोकं शंभरेक एकरांवर पसरलेली. मोठ्या स्पर्धेत नियमांचे अधिकारी फिरत असतात, पण रविवारी सकाळी निघालेल्या चौकडीमागे कोण फिरणार? आपली चूक आपणच सांगायची, सोबत्याचे फटके आपण लिहायचे, आपले त्याने. त्यामुळे इथे सज्जनपणा उठून दिसतो आणि हलकटपणाही.

तक्रारी तर खेळाइतक्याच जुन्या. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदीच घातली, कारण पोरं तिरंदाजीचा सराव सोडून चेंडूमागे पळायला लागली होती. १५६७ मध्ये राणी मेरीचा नवरा डार्नली याचा खून झाला आणि काही दिवसांतच बाई गोल्फ खेळताना दिसल्या, असा आरोप तिच्या शत्रूंनी केला. सुतक न पाळता खेळल्याचा ठपका बसलेली ही बहुधा पहिलीच गोल्फर.

नाचता येईना, काठी वाकडी

रागावून काठ्या फेकणाऱ्यांचा मुकुटमणी म्हणजे अमेरिकेचा टॉमी बोल्ट. १९५८ चा यूएस ओपन विजेता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो १९६० च्या स्पर्धेतला. डेन्व्हरजवळच्या चेरी हिल्सवर अठराव्या होलला चेंडू पाण्यात गेले, पाठोपाठ याने ड्रायव्हरही, म्हणजे लांब फटक्याची काठीही, पाण्यात भिरकावली. काठी भिरकावतानाचा तो फोटो आजही छापला जातो. नवशिक्यांना त्याचा सल्ला होता की, काठी फेकायची तर पुढच्या दिशेने फेका, म्हणजे आणायला मागे जावं लागत नाही. अनुभवाचे बोल!

२०१५ मध्ये रोरी मॅकलरॉयने फ्लोरिडातल्या डोराल मैदानावर तीन नंबरची लोखंडी काठी तळ्यात फेकली. मैदानाचे मालक होते डोनाल्ड ट्रम्प. पाणबुड्या उतरवून काठी वर काढली आणि ट्रम्पसाहेबांनी ती कॅमेऱ्यांसमोर त्याला परत केली. दंडापेक्षा असला सत्कार जास्त झोंबत असणार.

अलीकडचं प्रकरण विंडम क्लार्कचं. २०२३ चा यूएस ओपन विजेता. जून २०२५ मध्ये ओकमाँटला याच स्पर्धेत त्याचा ‘कट’ हुकला, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत जागा मिळाली नाही, आणि त्याने ड्रेसिंग रूममधल्या जुन्या लाकडी कपाटांवर राग काढला. महिनाभर आधी पीजीए चॅम्पियनशिपमध्ये ड्रायव्हर फेकून जाहिरातीच्या फलकाला भोक पाडून झालंच होतं. ओकमाँट क्लबने आरडाओरडा केला नाही. पत्र पाठवलं: नुकसान भरा, क्लब सांगेल त्या संस्थेला देणगी द्या, राग आवरण्यासाठी समुपदेशन घ्या, तोवर आमच्या फाटकात पाऊल नको. मला विचाराल तर वाह्यात माणसाला हाताळण्याचा हा उत्तम नमुना आहे. आवाज नाही, अपमान नाही, आणि सुटकेची वाटही उघडी.

सुधारतं का कुणी असं? बॉबी जोन्सचंच पाहा. १९२१ साली एकोणीस वर्षांचा हा पोरगा सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपन खेळत होता. तिसऱ्या फेरीत बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू बाहेर निघेना, तेव्हा अकराव्या होलला चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडली. गोल्फच्या काशीत येऊन असा तमाशा! चारच वर्षांनी, १९२५ च्या यूएस ओपनमध्ये, गवतात चेंडू किंचित हलल्याचं त्याने स्वतःच सांगितलं आणि एक फटका अंगावर घेतला. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. स्पर्धा बरोबरीत सुटली, जादा फेरीत तो हरला. तो एक फटका नसता तर आधीच जिंकला असता. लोकांनी कौतुक केलं, तर बँकेवर दरोडा न घातल्याबद्दल शाबासकी देण्यासारखंच झालं हे, अशा अर्थाचं तो म्हणाला. १९५८ मध्ये त्याच सेंट अँड्र्यूजने त्याला शहराचं मानद नागरिकत्व दिलं. हा मान मिळालेला त्याच्या आधीचा अमेरिकन होता बेंजामिन फ्रँकलिन, तो १७५९ मध्ये.

गवताचा काय गुन्हा?

भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, म्हणजे ग्रीन, हे गोल्फचं देवघर. तिथे पाय घासायचे नाहीत, काठी आपटायची नाही, दुसऱ्याच्या चेंडूच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. स्पेनच्या सर्जिओ गार्सियाने २०१९ मध्ये सौदी अरेबियातल्या स्पर्धेत एकामागून एक ग्रीन खरवडले. मागून येणाऱ्या खेळाडूंनी तक्रारी केल्या आणि गंभीर गैरवर्तनाखाली साहेब स्पर्धेबाहेर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नियमपुस्तक बदललं होतं. आधी शिष्टाचाराचं स्वतंत्र प्रकरण असायचं, आता वर्तणुकीची अपेक्षा थेट नियम १.२ मध्ये आली. प्रामाणिक राहा, दुसऱ्यांना धोका होऊ देऊ नका, मैदानाची काळजी घ्या. गंभीर गैरवर्तन केलं तर हकालपट्टी. शिवाय क्लबला स्वतःची आचारसंहिता करून फटक्यांचा दंड लावायची मुभा मिळाली. नुसत्या ‘कृपया’ने भागत नाही, हे गोल्फला कळायला पावणेतीनशे वर्षं लागली. पहिले लेखी नियम १७४४ चे, एडिंबराजवळच्या लीथचे. ते होते फक्त तेरा.

नियम बदलतात तेव्हा जुन्या आरोपींची मात्र पंचाईत होते. इंग्लंडच्या सायमन डायसनने २०१३ मध्ये शांघायला ग्रीनवरचा बुटाच्या खिळ्याचा उंचवटा चेंडूने दाबला. तो त्याच्या पटच्या, म्हणजे ग्रीनवर चेंडू भोकाकडे ढकलायच्या फटक्याच्या, रेषेत होता. टीव्हीवर दिसलं, स्पर्धेतून बाद, वर ३० हजार पौंडांचा दंड. २०१९ पासून असे उंचवटे दाबणं चक्क कायदेशीर आहे!

घरंगळणाऱ्या चेंडूचा पाठलाग

१६ जून २०१८. फिल मिकलसनचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस, शिनेकॉक हिल्सवरची यूएस ओपन, तेरावा होल. त्याने पट केला, चेंडू भोकाला वळसा घालून उताराला लागला. आता तो ग्रीनबाहेर जाणार हे दिसताच मिकलसन मागे धावला आणि चालता चेंडूच उलट दिशेने टोलवला. दोन फटक्यांचा दंड, होलवर एकूण दहा. आपण नियमाचा फायदा घेतला, असं त्याने त्या दिवशी सांगितलं. नंतर माफी मागितली. हा शोध त्याचा नव्हता. जॉन डेलीने हेच १९९९ च्या यूएस ओपनमध्ये पाइनहर्स्टला करून आठव्या होलवर अकराचा आकडा लावला होता.

कासवछाप

क्लबात सर्वाधिक शिव्या खाणारा माणूस काठीफेक्या नव्हे, तो असतो रेंगाळणारा. गवताचं पातं उडवून वारा बघायचा, चार बाजूंनी उकिडवं बसून उतार बघायचा, तीनदा काठी बदलायची आणि मग चेंडू जेमतेम चाळीस पावलं. मागे तीन चौकड्या ताटकळतात. जे. बी. होम्सने २०१८ मध्ये टोरी पाइन्सच्या शेवटच्या होलवर एका फटक्यासाठी चार मिनिटं दहा सेकंद घेतली. नियमपुस्तकाची शिफारस किती? चाळीस सेकंद. हरवलेला चेंडू शोधायलासुद्धा आता तीनच मिनिटं मिळतात. २०१९ आधी पाच मिळत.

दंड कुणाला झाला, हे बघण्यासारखं आहे. २०१३ च्या मास्टर्समध्ये चीनच्या ग्वान तियानलांगला रेंगाळल्याबद्दल एक फटका बसला. वय वर्षं चौदा! बड्या बाप्यांना वर्षानुवर्षं नुसती समज आणि आठवी-नववीतल्या पोराला दंड. पठ्ठ्याने तरी कट पार केला. महिलांच्या एलपीजीए टूरने २०२५ मध्ये मात्र हिशेब चोख केला: ठरलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंदांपर्यंत उशीर झाला तर पैशांचा दंड, सहा ते पंधरा सेकंद असेल तर एक फटका, त्यापुढे दोन. पुरुषांनी शिकवणी लावावी.

सोफ्यावरचे पंच

१९८७ साली क्रेग स्टॅडलरचा चेंडू झाडाखाली चिखलात गेला. फटका गुडघ्यांवर बसूनच मारावा लागणार होता. पँट खराब नको म्हणून त्याने खाली टॉवेल अंथरला. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर ते दृश्य परत दाखवलं आणि प्रेक्षकांचे फोन खणाणले: टॉवेल अंथरणं म्हणजे उभं राहायची जागा तयार करणं, ते नियमाबाहेर! दंड न लावता कार्डावर सही झाली होती, म्हणून स्टॅडलर बाद. दुसऱ्या क्रमांकाचे पैसे गेले. १९९५ मध्ये ते झाड रोगाने मरायला टेकलं, तेव्हा मैदानवाल्यांनी ते कापायला खास स्टॅडलरलाच बोलावलं. करवत हातात घेताना त्याला काय सुख झालं असेल!

लेक्सी थॉम्पसनच्या नशिबी असा गोड शेवट नव्हता. २०१७ च्या एएनए इन्स्पिरेशनमध्ये आदल्या दिवशी तिने चेंडू उचलून किंचित दुसऱ्या जागी ठेवल्याचं एका प्रेक्षकाने ईमेलने कळवलं. शेवटच्या फेरीत ती आघाडीवर असताना मध्येच चार फटक्यांचा दंड सांगितला गेला: दोन चुकीच्या जागेचे, दोन चुकीच्या कार्डावर सही केल्याचे. जादा होलवर ती हरली. पुढच्या वर्षीपासून घरून येणाऱ्या तक्रारी घेणंच बंद झालं. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्या शेजाऱ्यांचा बंदोबस्त गोल्फने निदान कागदावर तरी केलाय.

दिलं की नाही दिलं?

आमनेसामनेच्या सामन्यात भोकाजवळचा सोपा पट समोरच्याने ‘दिला’ म्हटलं की मारावा लागत नाही. भांडणाची खाणच ही. अमेरिका आणि युरोपच्या महिला संघांमधल्या २०१५ च्या सोलहाइम कपमध्ये अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीने दीडेक फुटावरचा चेंडू उचलला, तिला वाटलं दिलाय. नॉर्वेच्या सुझान पेटरसनने सांगितलं, आम्ही दिलाच नव्हता. नियम पेटरसनच्या बाजूने. होल युरोपला मिळालं, पण अमेरिकन पोरी अशा पेटून उठल्या की त्यांनी १४.५–१३.५ असा कपच नेला. पेटरसनने नंतर जाहीर माफी मागितली.

२०१९ मध्ये गार्सियाने (हो, तोच) काही इंचांवरचा चेंडू बेफिकिरीने उलट्या काठीने ढकलला आणि हुकवला. मॅट कुचरने तो दिलेला नव्हता. नियमाने होल कुचरचं. मग कुचरला वाईट वाटलं, भरपाई कशी करू म्हणाला. गार्सियाने सुचवलं, पुढचं एक होल सोडून दे. कुचरचं वाईट वाटणं तिथेच संपलं.

या सगळ्यावर उतारा १९६९ चा. अमेरिका विरुद्ध ब्रिटन अशा रायडर कपचा शेवटचा सामना, शेवटचं होल, ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा दोन-तीन फुटांचा पट, त्यावर अख्ख्या कपाचा निकाल. अमेरिकेच्या जॅक निकलॉसने त्याच्या चेंडूची खूण उचलली आणि पट ‘दिला’. कप १६–१६ असा बरोबरीत. निकलॉसच्याच कप्तानाला, सॅम स्नीडला, हा मोठेपणा मुळीच रुचला नाही.

दोरीपलीकडचे

माझं मत विचाराल तर आज खेळाडूंपेक्षा प्रेक्षक जास्त बिघडलेत. अ‍ॅरिझोनातल्या फीनिक्स ओपनचं सोळावं होल म्हणजे चारी बाजूंनी गॅलऱ्या, वीस हजारांच्या आसपास माणसं आणि बिअरचा पूर. चांगल्या फटक्याला गर्जना, वाईट फटक्याला हुर्यो. २०२२ मध्ये सॅम रायडरने तिथे एका फटक्यात चेंडू भोकात घातला, तेव्हा आनंदाने फेकलेल्या ग्लास-कॅनचा खच पडला आणि साफसफाईसाठी खेळ थांबवावा लागला. २०२४ मध्ये प्रकरण इतकं हाताबाहेर गेलं की शनिवारी दारूविक्री थांबवून फाटकं बंद केली.

आता अमेरिका विरुद्ध युरोप असणाऱ्या रायडर कपला तर देशभक्तीची फोडणी. १९९९ मध्ये ब्रुकलाइनला जस्टिन लेनर्डचा पंचेचाळीस फुटांचा पट पडला आणि अमेरिकन चमू ग्रीनवर नाचायला धावला. युरोपच्या ओलाथाबलचा पट अजून बाकी आहे, हे कुणाच्या गावीच नव्हतं. २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेथपेजला युरोपकडून खेळणाऱ्या मॅकलरॉयला ऐकू आल्या त्या थेट शिव्या. पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करणारी बाईच शिवीच्या घोषणेत सामील झाली, तिला पायउतार व्हावं लागलं. मॅकलरॉयच्या बायकोवर बिअर उडाली. त्याने एकदा थांबून गर्दीला गप्प बसायला सांगितलं, ते काही सभ्य भाषेत नव्हतं, आणि मग जवळ चेंडू टाकून उत्तर दिलं. युरोप १५–१३ ने जिंकलं.

दुसऱ्या टोकाला ऑगस्टा नॅशनल. मास्टर्स बघायला गेलात तर पळायचं नाही, मोबाइल आत न्यायचा नाही. पास घेऊन आगाऊपणा केलात तर पास जन्माचा गेला. सकाळी आपली खुर्ची ग्रीनपाशी मांडून खुशाल फिरायला जा, संध्याकाळी ती तिथेच असते. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल जितका पवित्र, तितकीच ही खुर्ची. फरक एवढाच की ऑगस्टात भांडण होत नाही. क्लबचा तोराही तसाच. १९६६ मध्ये सीबीएसच्या जॅक व्हिटेकरने थेट प्रक्षेपणात तिथल्या प्रेक्षकांना ‘झुंड’ म्हटलं, तर त्याला काही वर्षं मास्टर्सपासून दूर ठेवलं. आणि समोरच्याच्या चुकीवर टाळ्या वाजवणं गोल्फमध्ये बसत नाही, अशी प्रेक्षकांसाठीची सूचना १९६७ मध्ये लिहिली कुणी? त्याच बॉबी जोन्सने.

ज्याच्या खांद्यावर बॅग

खेळाडूचा खरा स्वभाव बॅग वाहणाऱ्या कॅडीशी वागण्यात दिसतो. २०१८ मध्ये कुचरने मेक्सिकोतली मायाकोबा स्पर्धा जिंकली, बक्षीस १२ लाख ९६ हजार डॉलर. स्थानिक कॅडीला दिले पाच हजार. नेहमीच्या कॅडीला विजयाच्या रकमेतले साधारण दहा टक्के द्यायचा रिवाज आहे. बातमी फुटल्यावर इतकी छी-थू झाली की रक्कम पन्नास हजारांवर गेली.

आपल्याकडे तर कॅडीवाचून पान हलत नाही. ब्रिटनबाहेरचा सगळ्यांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा, १८२९ चा रॉयल कलकत्ता. तिथे बॅग उचलणाऱ्याखेरीज पुढे धावत जाऊन चेंडू कुठे पडतो ते पाहणारा ‘आगेवाला’ही असे. याच क्लबवर बापाच्या माळीकामाच्या सावलीत वाढलेला एसएसपी चौरासिया पुढे युरोपियन टूरवर जिंकला. मुंबईत चेंबूरचा प्रेसिडेन्सी क्लब १९२७ चा. पुण्यात येरवड्याला, नवी मुंबईत खारघरला मैदानं आहेत. ऑलिंपिकला टोकियोत खेळून आलेला उदयन माने पुण्याचाच.

आपल्या मैदानांवरचे उपद्रव ओळखीचे आहेत. ग्रीनवर फोन वाजतो, साहेब उचलतात, आणि पुढच्याचा पट होईपर्यंत फ्लॅटचा भाव चारही दिशांना कळतो. बग्गीत स्पीकर लावून गाणी. स्वतःचा फटका रानात गेला की कॅडीवर डाफरणं: ‘चुकीची काठी दिलीस!’ ही शेवटची सवय मला सगळ्यांत किळसवाणी वाटते, कारण उलट उत्तर देण्याची सोय कॅडीला नसते.

मग अशा माणसाचं करायचं काय? ग्रीनवर बोलू नका, तिथे भांडण चिघळतं. पुढच्या टीवर चालत जाताना हळूच सांगा. पुढची चौकडी रेंगाळत असेल तर रागाने त्यांच्या अंगावर चेंडू मारू नका. २०१८ च्या रायडर कपमध्ये, पॅरिसजवळ, ब्रूक्स केप्काचा भरकटलेला चेंडू लागून एका प्रेक्षक बाईंचा डोळा गेला, आणि तो तर मुद्दाम मारलेलाही नव्हता. चेंडू कुणाच्या दिशेने चाललाय दिसलं की लाज न बाळगता ‘फोर!’ म्हणून बोंबला. गोल्फमध्ये ओरडायची परवानगी आहे ती एवढीच. समोरचा ऐकतच नसेल तर मार्शलला किंवा क्लबच्या सचिवांना कळवा, तिथल्या तिथे दोन हात करू नका. कॅडीवर कुणी ओरडत असेल तर मात्र पुढच्या टीची वाट बघू नका, लगेच मध्ये पडा. आणि मागची मंडळी ताटकळत असतील तर बाजूला होऊन त्यांना आधी जाऊ द्या, फोन गाडीत ठेवा, आणि बंकरमधून बाहेर पडताना वाळूवर दाताळं फिरवायला विसरू नका.